मॉन्ट्रियल पर्व : मेंदू, उद्दीपन आणि माणसाचा वाटा

कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहराच्या मधोमध माउंट रॉयल नावाची टेकडी आहे. तिच्या एकाच उतारावर, पायी जाता येईल इतक्या अंतरात, १९३४ ते १९६४ या तीस वर्षांत मेंदूविषयीचे तीन वेगळे उद्योग चालले. एका इमारतीत विल्डर पेनफिल्ड हा शल्यविशारद जाग्या माणसाच्या उघड्या मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श करून पाहत होता. जवळच मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब हा मानसशास्त्रज्ञ धडधाकट तरुणांना दृश्य, आवाज आणि स्पर्श यांच्या विविधतेपासून तोडले तर काय होते ते नोंदवत होता. आणि टेकडीवर, एका जहाजमालकाच्या जुन्या हवेलीत थाटलेल्या संस्थेत, यूएन कॅमेरॉन हा मनोविकारतज्ज्ञ रुग्णांच्या कानांवर एकच संदेश आठवडेच्या आठवडे आदळवत होता. एकाने उद्दीपन थेट दिले, दुसऱ्याने ते काढून घेतले, तिसऱ्याने त्याचा मारा केला. बाहेरून येणारे उद्दीपन शरीराला आणि मनाला नेमके काय देते, या प्रश्नाचा इतका सर्वांगी पुरावा एकाच गावात एकाच पिढीत क्वचितच जमला असेल. तो सगळा एकत्र ठेवून वाचला की एक गोष्ट उघड होते, असे माझे म्हणणे आहे. उद्दीपन ही हाक असते, मजकूर नसतो. मजकूर येतो तो ज्याला हाक गेली त्याच्या पूर्वायुष्यातून आणि त्याच्या स्वतःच्या हालचालीतून. म्हणून उद्दीपन केवळ मात्रेत मोजणे ही चूक आहे, आणि या चुकीची किंमत खऱ्या माणसांनी मोजली आहे.

ही चूक मॉन्ट्रियलमध्ये जन्मली नाही. १७५२ साली ग्योटिंगेनमध्ये आल्ब्रेख्त फॉन हालर याने असंख्य प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले की स्नायूला टोचले तर तो आकसतो, आणि ही आकसण्याची शक्ती स्नायूची स्वतःची असते, टोचणाऱ्या सुईची नसते. हे नीट पचले असते तर पुढचा बराच गोंधळ टळला असता. पण १७८० मध्ये एडिंबरोच्या जॉन ब्राउनने सगळे वैद्यक एका जमाखर्चावर आणून ठेवले : जीवन म्हणजे उद्दीपनांनी टिकवून धरलेली अवस्था, उद्दीपन जास्त झाले की एक जातीचे रोग, कमी पडले की दुसऱ्या जातीचे, आणि उपचार म्हणजे मात्रा वाढवणे किंवा घटवणे. मात्रा वाढवायला त्याच्यापाशी मद्य आणि अफू होती. इटलीत आणि जर्मनीत या मताचे अनुयायी पुष्कळ झाले. ११ वर्षांनी बोलोन्याच्या गॅल्वानीने विजेने बेडकाचे पाय हलतात हे प्रसिद्ध केले, आणि १८०३ मध्ये त्याचा भाचा अल्दीनी याने लंडनमध्ये फाशी दिलेल्या कैद्याच्या प्रेताला वीज लावून त्याचा जबडा आणि हात हलवून दाखवले. बघणारे हादरले, पण प्रेत प्रेतच राहिले. १८७० मध्ये बर्लिनच्या फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागाला वीज लावली तेव्हा विरुद्ध बाजूचे पाय हलले. चारच वर्षांनी अमेरिकेत सिनसिनाटीच्या रॉबर्ट्स बार्थोलो याने, कवटीला व्रण पडून मेंदू उघडा झालेल्या एका मोलकरणीच्या मेंदूत सुया खुपसून वीज सोडली आणि मात्रा वाढवत नेली. तिला झटके आले आणि काही दिवसांत ती मेली. बार्थोलोवर त्याच्या व्यवसायबंधूंनीच टीका केली. या सगळ्या हकिगतींत उद्दीपन देणारा हाच एकटा कर्ता आहे. ज्याला ते दिले जाते तो नुसता पदार्थ आहे.

पेनफिल्डचे वेगळेपण इथे कळते. १९२८ मध्ये तो मॉन्ट्रियलला आला आणि त्याच वर्षी जर्मनीतल्या ब्रेस्लाउ शहरी जाऊन ओटफ्रिड फर्स्टर याच्याकडून एक शस्त्रक्रिया शिकला. अपस्माराच्या झटक्यांना कारण होणारा मेंदूतला व्रण काढायचा, पण फक्त टाळू बधिर करून. मेंदूला स्वतःला वेदना नसते, त्यामुळे रुग्ण जागा राहतो आणि बोलू शकतो. कापण्याआधी शल्यविशारद एकेका जागी सौम्य वीज लावतो आणि काय वाटले ते रुग्णालाच विचारतो. कुठे कापले तर वाचा जाईल, कुठे हात लुळा पडेल, हे त्यातून समजते. रॉकफेलर फाउंडेशनच्या देणगीतून १९३४ मध्ये मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उभे राहिले आणि पेनफिल्डने तिथे ही पद्धत पुढे तीन दशके वापरली. प्रतिसाद मिळालेल्या प्रत्येक जागेवर आकडा लिहिलेली चिमुकली चिठ्ठी ठेवली जाई. १९३७ मध्ये त्याने एडविन बोल्ड्रीसह शरीराचा नकाशा प्रसिद्ध केला : अंगठा, ओठ, जीभ यांना मेंदूत किती मोठी जागा आहे आणि पाठीला किती थोडी. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आजही तोच नकाशा शिकवतात. मधूनमधून पेनफिल्ड वीज न लावताच ती लावत असल्याचे भासवी, म्हणजे रुग्ण केवळ अपेक्षेने काही सांगतो आहे का हे तपासता येई. ही काळजी लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे याच मुद्द्यावर हेबच्या कामाला आव्हान मिळणार होते.

त्या चिठ्ठ्यांनी काय सांगितले? हालचालीच्या भागावर वीज लावली की हात उचलला जाई, पण रुग्ण लगेच सांगे की हे मी केले नाही, तुम्ही केले. पेनफिल्डने विजेने माणसाचा हात हलवला, डोळे फिरवले, घशातून आवाज काढला, पण त्याच्याकडून एखादा निर्णय घेववणे किंवा एखाद्या गोष्टीवर विश्वास बसवणे त्याला कधी जमले नाही. उतारवयात तो या निष्कर्षाकडे वारंवार वळला. दुसरा प्रकार अधिक विलक्षण होता. मेंदूच्या कानशिलाकडच्या भागाला स्पर्श झाला की काही रुग्णांना ओळखीचे संगीत ऐकू येई, घरातल्या माणसांचे बोलणे ऐकू येई, जुना प्रसंग समोर उभा राही, आणि विजेची तार उचलताच सगळे थांबे. १९६३ मध्ये पेनफिल्ड आणि पेरो यांनी हिशेब मांडला तेव्हा हा भाग तपासलेल्या ५२० रुग्णांपैकी असे अनुभव सांगणारे फक्त ४० निघाले. मेंदूत आयुष्याची अखंड ध्वनिमुद्रिकाच साठवलेली असते, असा पेनफिल्डचा समज झाला होता. पुढच्या संशोधकांनी तो मानला नाही. हे तुकडे स्वप्नासारखे, जुन्यानव्याच्या जुळणीतून तयार होत असावेत असे त्यांना वाटते. वादात कोणीही जिंको, माझ्या मुद्द्याला दोन्हीकडून आधारच मिळतो. विजेच्या प्रवाहात गाणे नव्हते, आईचा आवाजही नव्हता. ते त्या रुग्णाचे होते. तीच वीज शेजारच्या खाटेवरच्या माणसाला लावली तर दुसरे काही निघे, आणि बहुतेकांच्या बाबतीत असे काहीच निघत नसे.

हेब याच संस्थेत १९३७ ते १९३९ पेनफिल्डच्या रुग्णांची तपासणी करत होता. मेंदूच्या पुढच्या भागाचा मोठा तुकडा काढूनही बुद्धिमापन चाचणीत कित्येकांचे फारसे बिघडत नाही, हे पाहून तो चक्रावला. मग बुद्धी कुठून येते? त्याचे उत्तर असे की ती बालपणीच्या अनुभवांतून मेंदूच्या जोडण्यांत बांधली जाते, आणि एकदा नीट बांधली की थोडीफार पडझड सोसते. १९४७ मध्ये तो मॅकगिलला परतला. याच सुमारास त्याने काही उंदीर घरी मुलींकडे पाळायला दिले. घरभर हिंडलेले हे उंदीर पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरांपेक्षा चक्रव्यूहाच्या चाचणीत सरस ठरले. १९४९ मध्ये त्याचा ‘द ऑर्गनायझेशन ऑफ बिहेविअर’ हा ग्रंथ आला. त्याच वर्षी मोरूझी आणि मॅगून यांनी दाखवले की मेंदूच्या देठातले मज्जातंतूंचे एक जाळे सबंध मेंदूला जागे ठेवते. हेबने पुढे १९५५ मध्ये या दोन्हींची सांगड घातली : प्रत्येक संवेदना दोन कामे करते, बाहेर काय आहे ते सांगते आणि मेंदूला जागेही ठेवते. जागृती फार कमी किंवा फार जास्त झाली तर सांगण्याचे काम बिघडते, मधल्या पट्ट्यात ते सर्वांत चांगले चालते. यात ब्राउनची मात्रा परत आलेली दिसेल, पण ती अर्धीच. दुसरा अर्धा भाग, म्हणजे संवेदनेचा अर्थ, हेबने सोडला नाही.

प्रयोगाला निमित्त मात्र राजकीय होते. हंगेरीत १९४९ मध्ये कार्डिनल मिंडसेंटी यांनी खटल्यात न केलेल्या गुन्ह्यांची कबुली दिली होती, कोरियाचे युद्ध पेटले होते आणि कम्युनिस्ट राजवटी कैद्यांची मने बदलतात या भीतीने पाश्चात्त्य सरकारे ग्रासली होती. १ जून १९५१ रोजी मॉन्ट्रियलच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिका यांच्या प्रतिनिधींची बैठक झाली. हेबने तिथे सुचवले की माणसाला संवेदनांच्या नेहमीच्या ओघापासून तोडले तर त्याची मते किती हलतात ते पाहावे. कॅनडाच्या संरक्षण संशोधन मंडळाने पैसे दिले. हेबचे सहकारी बेक्स्टन, हेरॉन आणि स्कॉट यांनी काम केले आणि १९५४ मध्ये निबंध छापला. त्यात कारण दिले होते ते एकसुरी कामाचे. ते अगदीच खोटे नव्हते. महायुद्धात रडारच्या पडद्यासमोर बसणाऱ्यांचे लक्ष अर्ध्या तासातच ढळू लागते, हे केंब्रिजच्या मॅकवर्थने दाखवून दिले होते. पण खरे कारण हेबने जाहीरपणे सांगितले ते १९५८ मधल्या हार्वर्डच्या परिसंवादात.

प्रयोगात २२ विद्यार्थी होते. रोजचे २० डॉलर मिळत. इतर कामांत मिळाले असते त्याच्या दुपटीहून ही रक्कम जास्त होती. करायचे काहीच नव्हते, फक्त एका छोट्या उजेडी खोलीत गादीवर पडून राहायचे. डोळ्यांवर असा चष्मा की उजेड येई पण आकार दिसत नसे. हातांत सुती मोजे आणि बोटांपलीकडे जाणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळ्या. डोक्याभोवती फोमची उशी आणि यंत्रांची अखंड घरघर. जेवण आणि नैसर्गिक विधी यांपुरतेच उठायचे. इथे एक बारीक गोष्ट सुटू नये. खोलीत अंधार नव्हता आणि शांतताही नव्हती. उजेड भरपूर होता, आवाज होता, त्वचेला सतत स्पर्श होता. मात्रेच्या हिशेबाने उद्दीपनाचा तुटवडा नव्हताच. तुटवडा होता तो बदलाचा, आकाराचा, आणि हातापायांनी काही करून पाहण्याचा. निबंधाच्या लेखकांनी शीर्षकातही विविधता कमी केल्याचाच उल्लेख केला आहे. ‘संवेदना हिरावणे’ हे नाव पुढे रूढ झाले आणि त्याने हा मुद्दा झाकून टाकला.

बरेच जण मनात बेत आखून आले होते : अभ्यासाची उजळणी करू, प्रबंधाचा विचार करू. सुरुवातीला ते झोपले. जागे झाल्यावर विचार टिकेना. मग विचार करण्याचाच नाद सोडून ते मनाला वाटेल तिकडे भरकटू देत. दोनतीन दिवसांच्या पुढे टिकणारे थोडेच निघाले. कित्येकांना भास झाले. आधी ठिपके आणि रेघा, मग सबंध देखावे. एकाला पाठीवर पिशव्या टाकून शिस्तीत निघालेल्या खारींची मिरवणूक दिसली. एरवी कोणी ऐकलेही नसते अशा ध्वनिमुद्रिका, उदाहरणार्थ शेअरबाजाराचा जुना अहवाल किंवा सहा वर्षांच्या मुलांसाठी दिलेले दारूच्या दुष्परिणामांवरचे भाषण, ते पुन्हापुन्हा ऐकायला मागत. भुताखेतांच्या बाजूने बोलणाऱ्या ध्वनिमुद्रिकेचा परिणाम त्यांच्यावर बाहेरच्यांपेक्षा जास्त झाला, आणि काही जण सुटल्यावर भुतांवरची पुस्तके शोधत ग्रंथालयात गेले. बाहेर पडल्यावर काही काळ भिंती वाकल्यासारख्या, वस्तू सरकल्यासारख्या वाटत. मेंदूच्या विद्युत आलेखातल्या लहरीही मंदावलेल्या दिसल्या. भुकेला माणूस मिळेल ते खातो. विद्यार्थ्यांनी शेअरबाजाराचा अहवाल मागितला तो त्याच भुकेने, आणि पटवणाऱ्याच्या हाती त्यांची मते गेली तीही त्याच वाटेने. मेंदू उद्दीपनाची वाट पाहत स्वस्थ बसून राहणारे यंत्र असता तर खारींची मिरवणूक निघाली नसती.

यावर एक जोरदार आक्षेप १९६४ मध्ये मार्टिन ऑर्न आणि कार्ल शायबे यांनी घेतला. त्यांनी दोन गटांना चार तास साध्या खोलीत बसवले. कोणाचे डोळे झाकले नाहीत, कान झाकले नाहीत. एका गटाला आधी वैद्यकीय प्रश्न विचारले, जबाबदारीच्या कागदावर सह्या घेतल्या, आणीबाणीच्या औषधांचा ट्रे दाखवला आणि सहन झाले नाही तर दाबायचे बटण दिले. दुसऱ्या गटाला यातले काही केले नाही. पहिल्या गटातल्यांनी हिरावलेपणाची लक्षणे जास्त सांगितली. म्हणजे मॅकगिलच्या भासांतला काही भाग तरी अपेक्षेने निर्माण केला असणार. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो माझ्या विरोधात जात नाही. त्याच खोलीत, तेवढ्याच उद्दीपनात, माणसाने त्या परिस्थितीचा जो अर्थ लावला त्याने अनुभव बदलला, हेच तर ऑर्नने सिद्ध केले. पण सगळेच अपेक्षेवर घालता येत नाही. कुत्र्याकडून कोणी कागदावर सही घेत नाही. हेबचा विद्यार्थी रोनाल्ड मेल्झॅक याने टी. एच. स्कॉटबरोबर १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्कॉटिश टेरिअरची पिल्ले मोठी होईपर्यंत बंद पिंजऱ्यांत, एकएकटी वाढवली. बाहेर काढल्यावर ही कुत्री पेटत्या काडीत नाक घालत, मागे सरत आणि परत घालत. भाजण्याचे उद्दीपन त्यांच्यापर्यंत पोचत होते. वेदनेसारखी आदिम वाटणारी गोष्टसुद्धा काय आहे आणि तिच्यापासून दूर व्हायचे असते, हे त्यांना धडपणे शिकायला मिळाले नव्हते. मॅकगिलमध्ये वैद्यक शिकलेला आणि पेनफिल्डच्या संस्थेत उमेदवारी केलेला डेव्हिड ह्यूबेल याने पुढे हार्वर्डमध्ये टॉर्स्टन वीझेलसह मांजराच्या पिल्लाचा एक डोळा जन्मानंतरच्या आठवड्यांत शिवून बंद ठेवला. डोळा निरोगी होता, पण मेंदूतल्या पेशींनी त्याचे ऐकणे जवळजवळ सोडून दिले. १९८१ च्या नोबेल पारितोषिकाने गौरवलेल्या कामाचा हा एक भाग आहे, आणि तान्ह्या मुलाचा मोतीबिंदू लवकर काढावा हा आजचा दंडक याच ज्ञानावर भक्कम झाला.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, आणि तोही हेबच्याच खोल्यांतून आला. १९५३ मध्ये जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर उंदरांच्या मेंदूत, जागे ठेवणाऱ्या त्या जाळ्यात, विजेची तार बसवायला गेले. एका उंदरात ती भलतीकडेच बसली. तो उंदीर ज्या कोपऱ्यात वीज मिळाली तिथे सारखा परत येऊ लागला. मग त्यांनी कळ त्याच्याच पायाशी दिली, आणि उंदीर स्वतःच ती दाबू लागले. नंतरच्या प्रयोगांत तर तासाला हजारो वेळा. ओल्ड्सने याला सुखाची केंद्रे म्हटले आणि जगभर ते नाव गाजले. १९६५ मध्ये असेही दिसले की जेवणाचा वेळ मोजका ठेवला तर काही उंदीर अन्न सोडून वीज निवडतात आणि उपाशी मरतात. मग अर्थ, पूर्वायुष्य, स्वतःचा वाटा हे सगळे कशाला? योग्य जागी योग्य वीज पुरे नाही का? पहिली गोष्ट अशी की उंदीर कळ स्वतः दाबत होता. त्या रिकाम्या पेटीत त्याला करण्याजोगे तेवढेच होते. दुसरी, मिशिगनच्या केंट बेरिज यांनी पुढे दाखवले की हवेसे वाटणे आणि आवडणे यांची यंत्रणा मेंदूत वेगळी आहे. ओढ वाढवता येते आणि तरीही गोडी वाढत नाही. उंदराला ओल्ड्सने सुख दिले असे म्हणणे पुराव्याच्या पलीकडचे आहे. त्याने ओढ दिली, आणि जगाशी सांधा नसलेली ओढ उंदराला उपासमारीपर्यंत घेऊन गेली. तोच सांधा नसला तर भरपूर उद्दीपनही कसे वाया जाते याचा पुरावा १९६३ मधल्या रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांच्या प्रयोगात आहे. अंधारात वाढवलेल्या मांजराच्या पिल्लांच्या जोड्या ते रोज तीन तास एका गोल फिरणाऱ्या दांड्याला जोडत. एक पिल्लू स्वतः चाले, दुसरे पाळण्यात बसून त्याच वाटेने फिरे. दोघांच्या डोळ्यांसमोरून जवळजवळ तेच दृश्य जाई. चालणाऱ्याला अंतर कळू लागले, खड्डा टाळता येऊ लागला. पाळण्यातल्याला ते येईना. पुढे मोकळे सोडल्यावर दोन दिवसांत तेही शिकले, कारण आता पाय त्याचे होते.

आता हवेलीतला उद्योग. कॅमेरॉन हा काही कोपऱ्यातला भोंदू नव्हता. १९४३ मध्ये स्थापन झालेल्या ॲलन मेमोरियल इन्स्टिट्यूटचा तो पहिला संचालक, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेचा माजी अध्यक्ष आणि पुढे जागतिक संघटनेचाही पहिला अध्यक्ष. रुग्णाचे बिघडलेले वर्तन आधी पुसून टाकायचे आणि मग नवे लिहायचे, असा त्याचा सिद्धान्त होता. पुसण्यासाठी विजेचे वारंवार झटके, औषधांनी आणलेली दीर्घ झोप आणि हेबच्या धर्तीवरचे एकाकीकरण. लिहिण्यासाठी ध्वनिफितीचा फेरा, दिवसाला १६ तासांपर्यंत, आठवडेच्या आठवडे. १९५७ पासून काही वर्षे अमेरिकेच्या सीआयएने एका आडोशाच्या संस्थेमार्फत त्याला पैसे दिले, आणि कॅनडाच्या सरकारी अनुदानांवरही त्याचे काम चालले. रुग्ण आले होते ते नैराश्य, चिंता, बाळंतपणानंतरचा त्रास असल्या तक्रारी घेऊन. आपल्यावर काय होणार हे त्यांना सांगितले नव्हते. एका बाईला ३५ दिवस एकाकी ठेवून, पुन्हापुन्हा पुसून, १०१ दिवस फीत ऐकवूनही काही गुण आला नाही, अशी नोंद कॅमेरॉनने स्वतः केली आहे. कित्येक जण स्मृती गमावून, स्वतःची मुलेबाळेही न ओळखण्याच्या अवस्थेत घरी गेले. १९६४ मध्ये त्याने संस्था सोडली. १९८८ मध्ये नऊ वादींशी सीआयएने साडेसात लाख डॉलरवर तडजोड केली आणि १९९२ मध्ये कॅनडाच्या सरकारने ७७ जणांना प्रत्येकी एक लाख डॉलर दिले. हेबने पुढे कॅमेरॉनचा कठोर शब्दांत निषेध केला. तो योग्यच होता, पण त्याने हेबची जबाबदारी संपत नाही. त्याचे विद्यार्थी हवे तेव्हा उठून जाऊ शकत होते. चौकशी करणाऱ्यांच्या हाती ते ज्ञान गेल्यावर उठून जाण्याची मुभाच तेवढी काढून टाकण्यात आली. सीआयएच्या १९६३ च्या चौकशी-पुस्तिकेत मॅकगिलच्या प्रयोगांचा आधार घेतलेला आहे. १९७१ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये सुरक्षा दलांनी १४ जणांना डोक्यावर बुरखे घालून, अखंड घरघराटात, भिंतीला टेकवून उभे केले, आणि १९७८ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ती वागणूक अमानुष आणि मानहानीकारक ठरवली.

मराठी वाचकाच्या मनात इथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. एकांत आपल्याकडे शिक्षा मानलेला नाही, साधना मानलेला आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून माणसे दहा दिवस मौन पाळून बसतात आणि हलकी होऊन परततात. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले. मग उद्दीपन हिरावल्याने मन ढासळते हे कसे मानायचे? दोन्ही उदाहरणे नीट पाहावीत. विपश्यनेत साधकाचे काम संवेदना विसरण्याचे नसते. तो आधी श्वासाकडे आणि मग अंगभर उठणाऱ्या बारीकसारीक संवेदनांकडे लक्ष देतो. इच्छेने आलेला असतो, शेजारी शंभर माणसे बसलेली असतात, दिवसाची घडी ठरलेली असते. टिळकांना शाई मिळत नव्हती, सुटे कागद मिळत नव्हते, पाने मोजलेल्या बांधीव वह्या आणि पेन्सिल मिळाली. पण पुस्तके मिळाली, ती शेकड्यांनी. १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी मसुदा पुरा केला आणि ग्रंथ १९१५ मध्ये छापला गेला. पन्नाशी ओलांडलेल्या, आयुष्यभराचे वाचन पाठीशी असलेल्या माणसाला वह्या-पुस्तके मिळाली तेव्हा त्याने काय केले, याचे ते उदाहरण आहे. मॅकगिलच्या खोलीत हातावर पुठ्ठ्याच्या नळ्या होत्या. त्या हातांना पेन्सिल धरता आली नसती.

उपचारात उद्दीपनाचा जिथे खरा उपयोग झाला तिथेही हाच फरक दिसतो. मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडले की वेदनेचा संदेश मज्जारज्जूतल्या एका फाटकातून जातो आणि स्पर्शाचे संदेश ते फाटक अंशतः बंद करू शकतात. ठेच लागली की आपण जागा चोळतो ते यामुळे. त्याच कल्पनेतून आलेले, त्वचेवर चिकटपट्ट्या लावून सौम्य वीज देणारे ‘टेन्स’ यंत्र आज फिजिओथेरपीच्या कुठल्याही दवाखान्यात दिसते. गुण सगळ्यांना सारखा येत नाही. बहिऱ्या बाळाच्या कानात बसवलेले कॉक्लिअर इम्प्लांट मज्जातंतूला थेट वीज देते, पण नुसत्या विजेने मूल बोलत नाही. मुंबईच्या अली यावर जंग संस्थेच्या देखरेखीखाली सरकारी योजनेतून लहान मुलांवर ही शस्त्रक्रिया होते, तेव्हा नंतरचे श्रवण-वाचा प्रशिक्षण हा उपचाराचाच भाग मानला जातो. आई बोलते, मूल वळते, चुकते, पुन्हा ऐकते. तार शब्द देत नाही. तो या देवघेवीत मिळतो.

मॉन्ट्रियलचा हा पुरावा आपल्या कायद्यापर्यंत अजून पोचलेला नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ७३ आणि ७४ खाली सक्तमजुरीच्या कैद्याला एकूण तीन महिन्यांपर्यंत, सलग १४ दिवसांपर्यंत, एकांतकोठडीत ठेवता येत असे. विधी आयोगाने १९७१ च्या आपल्या ४२ व्या अहवालात ही शिक्षा काढून टाकावी असे सुचवले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सुनील बत्रा खटल्यात फाशीच्या कैद्यांना सरसकट एकांतात टाकण्यास मनाई केली. तरीही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ११ आणि १२ म्हणून ती तरतूद जशीच्या तशी उतरली आहे. संयुक्त राष्ट्रसंघाचे २०१५ चे मंडेला नियम दिवसाला २२ तास किंवा अधिक काळ अर्थपूर्ण मानवी संपर्काविना ठेवण्याला एकांतवास म्हणतात आणि सलग १५ दिवसांपलीकडे तो निषिद्ध मानतात. आपली १४ दिवसांची मर्यादा त्या रेषेच्या एकच दिवस अलीकडे आहे. रोज २० डॉलर मिळत असताना आणि दार उघडे असताना निरोगी विद्यार्थी दोनतीन दिवसांत उठून गेले. ज्याला उठून जाता येत नाही अशा कैद्याच्या मनाचे काय होते हे जाणून घ्यायला आणखी प्रयोगाची गरज नाही. ही दोन्ही कलमे संसदेने रद्द करावीत, आणि तोवर कुठल्याही न्यायाधीशाने त्यांचा वापर करू नये.